बिननावाच्या खुणा

सकाळी थोरली चहाचा कप घेऊन बाहेरच्या खोलीत आली तेव्हा नवरा संगणकापुढे हाताची घडी घालून बसला होता आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. टेबलावर तिची काळी डबी होती, पत्त्यांच्या जोडाएवढी, वायरीने संगणकाला जोडलेली. आतून तोच आवाज येत होता, आठवडाभर येत होता तो, लाकडावर कुणी नखाने टकटक करावं तसा. "काय चाललंय हे?" तिने विचारलं. "दुरुस्ती," नवरा म्हणाला. "तुझे हॉस्पिटलचे रिपोर्ट यात टाकून ठेवावे म्हटलं. डबी लावली तर मशीनच म्हणालं, डिस्कमध्ये बिघाड दिसतो, तपासून दुरुस्त करू का. म्हटलं, कर बाबा." ती टेबलापाशी गेली. "या डबीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना आपलं?" "अगं, हात कुठे लावला? नुसतं हो म्हटलं." ती वायरीकडे वळली तसा त्याने तळवा आडवा धरला. "आता उपटू नकोस. मध्येच बंद केलं तर सगळंच जाईल, असं लिहिलंय त्यात." मग ती उभी राहिली. आपलं कपाट कुणी दार लावून आतून आवरत असावं आणि काय ठेवलं, काय फेकलं ते आपल्याला बाहेर नुसतं ऐकू यावं, तसं तिला झालं. पट्टी थांबायची, टकटक व्हायची, पट्टी पुढे जायची. नवरा प्रत्येक वेळी मान डोलवायचा. जन्मभर त्याने लिफ्टा तपासल्या होत्या. सरकारी गाडीतून उतरायचा, लिफ्ट वर न्यायचा, खाली आणायचा, दार लागतं की नाही बघायचा आणि प्रमाणपत्रावर सही ठोकायचा. जे चालतं ते ठीक, हा त्याचा सगळा वेदान्त. संसारही त्याने तसाच तपासला होता. वर जातोय, खाली येतोय, दार लागतंय.

पट्टी भरली. दुरुस्ती यशस्वी झाली, असं पडद्यावर आलं. "बघ, ठणठणीत," तो म्हणाला आणि खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली. तिने डबी उघडली. हॉस्पिटलचे रिपोर्ट होते. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो होते. 'धाकटी' नावाचा फोल्डर नव्हता. तिने पुन्हा बघितलं, वरून खाली, चष्मा पुसून. मग चहा प्यायली, कारण हातात काहीतरी असायला हवं होतं. आतल्या खोलीत धाकटी बहीण खिडकीशी बसून शेंगा सोलत असेल, आणि तिला यातलं काही ऐकू गेलं नसेल. तिला कशातलंच काही ऐकू जात नव्हतं, जन्मापासून. घराला ते कळायला तीन वर्षं लागली. थोरलीला आधीच कळलं होतं, पण नऊ वर्षांच्या मुलीला कोण विचारतो. खाटेखाली, चादर खाली ओढून घेतलेल्या त्या अंधुक उजेडात, दोघींनी मिळून खुणा केल्या. कुणी शिकवल्या नाहीत, कुठल्या शाळेतल्या नव्हेत. शेजारच्या कुत्र्याने धाकटीचा डावा गुडघा धरला होता, म्हणून डाव्या गुडघ्याला हात लावला की भीती. एक आत्या गाल ओढून कौतुक करायची आणि पाठ फिरताच आईपाशी नावं ठेवायची, म्हणून स्वतःचा गाल ओढला की खोटं. वडील कशालाही 'उद्या बघू' म्हणायचे आणि म्हणताना भुवई खाजवायचे, म्हणून भुवई एकदा खाजवली की उद्या, आणि दोनदा खाजवली की कधीच नाही. ही शेवटची धाकटीची होती. पाच वर्षांची असताना तिने ती केली होती, आणि वडील समोर बसलेले असताना दोघी इतक्या हसल्या होत्या की त्यांनी दोघींना जेवणावरून उठवलं. मध्ये एक वर्ष तिला शाळेत ठेवलं. तिथे अशा मुलांना ओठांनी बोलायला शिकवत आणि हात मांडीखाली दाबून बसवत. वर्षाने ती परत आली ती अर्धा शब्द घेऊन, आणि कितीतरी दिवस तिचे हात काही बोललेच नाहीत.

पुढे थोरली टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये लागली. दिवसभर कानाला यंत्र लावून अनोळखी लोकांच्या आवाजांना जोडून द्यायचं आणि संध्याकाळी घरी येऊन हातांशी बोलायचं. आई गेली तेव्हा धाकटी तिच्या घरी आली. नवऱ्याने हरकत घेतली नाही; ते तो अधूनमधून बोलून दाखवायचा. "दुसरा कुणी असता तर..." एवढं म्हणून वाक्य सोडून द्यायचा. त्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. चाळीस वर्षं तो धाकटीसमोर बसून थोरलीला विचारायचा, "मेहुणीबाई काय म्हणतात?" आणि कधी थेट बोललाच तर आवाज चढवून बोलायचा, जणू ती नुसती लांब बसली आहे. एकही खूण तो शिकला नाही. दोघींच्या भाषेत त्याचीही एक खूण होती, एक बोट वर जाणारं आणि खाली येणारं. तो रागावला असला की ते बोट मध्येच अडकायचं. तेही त्याला ठाऊक नव्हतं.

थोरलीच्या हृदयाची झडप बदलायची ठरली तेव्हा प्रश्न उभा राहिला. तो म्हणाला, "मला तिचं काही कळत नाही, मी एकटा कसा सांभाळू?" हे मात्र खरं होतं. मग वृद्धांची एक संस्था बघितली. तिथल्या बाई समजूतदार होत्या. "ठेवून घेऊ की," त्या म्हणाल्या. "पण काय हवं, काय नको, ते आमच्या मावशांना कळलं पाहिजे. नाही कळलं की रडारड होते, मग आम्ही औषध देऊन झोपवतो. ते तुम्हालाही नको, आम्हालाही नको." ते औषध देऊन झोपवणं थोरलीच्या छातीत जाऊन बसलं, झडपेच्या शेजारीच. पावसाळाभर तिने धाकटीला खिडकीत बसवून फोनवर एकेक खूण टिपली आणि डबीत उतरवली. फोन भरला की त्यातलं पुसायची. प्रत्येक फितीला, फीत म्हणजे चार क्षणांचे हात, तिने नाव दिलं होतं: 'दिवा डोळ्यांत येतोय'. 'दार लोटू नका, थोडं उघडं असू द्या'. 'पाहुणे गेले एकदाचे'. 'हा माणूस खोटं हसतो'. 'आज आई आठवली, दुखत काही नाही'. मावशीने फीत बघायची, खाली नाव वाचायचं, एवढंच काम. चारशेच्या वर झाल्या होत्या. आपल्याला काही झालं तरी धाकटी मुकी होणार नाही, असं तिला त्या चारशे नावांकडे बघून वाटायचं. आजपर्यंत वाटत होतं.

दुपारी नवऱ्याची पुतणी आली. ती एका मोठ्या कचेरीत हीच यंत्रं सांभाळायची. आल्या आल्या तिने डबी कानाला लावली. "काका, ही टकटक करत होती?" "आठवडाभर." "आणि तुम्ही तिला दुरुस्तीला लावलीत? आजारी माणसाकडून घर झाडून घेतलंत तुम्ही. आधी आतलं सगळं बाहेर काढायचं असतं, मग काय ती दुरुस्ती." "पण दुरुस्त झाली असं म्हणालं ते," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा, लेखी प्रमाणपत्र असूनही लिफ्ट पडली असं कुणी सांगावं, तसा झाला होता. "डिस्क झाली की दुरुस्त. तुमच्या फायली दुरुस्त करणं हे त्याचं कामच नाही, काका. बघा, डिस्कवर एक यादी असते. कुठल्या नावाची वस्तू कुठे ठेवलीय त्याची. आणि दुसरीकडे माल असतो. दोन्ही जुळतात का, एवढंच ते तपासतं. यादीचा एखादा तुकडा खराब झालेला असला आणि माल कुणाचा ते लागलं नाही, की ते यादीतला तेवढा भाग कापून टाकतं. मग काय, सगळं जुळतं." "म्हणजे जुळवण्यासाठी कापतं?" थोरलीने विचारलं. "हो काकू. त्याला डिस्क चालू ठेवायचीय. आत काय आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही." थोरलीने नवऱ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलली असती. "मग गेलं सगळं?" "थांबा." पुतणीने काहीतरी दाबलं आणि डबीत एक लपवलेला फोल्डर उघडला. त्यात ओळीने आकडे होते. नुसते आकडे, एकापुढे एक, शाळेत हजेरी घ्यावी तसे. "बिनवारशी माल ते फेकत नाही, इथे आणून टाकतं. माल बराचसा शाबूत आहे, काकू. नावं गेली." तिने सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि प्रत्येक आकड्याला शेपटी लावून दिली, म्हणजे उघडल्यावर चित्र दिसेल. उतरवून होता होता जुनी डबी एकदा जोरात टकटकली आणि गप्प झाली. "हिने काम केलं शेवटी," पुतणी म्हणाली. "आता नावं तुम्हालाच द्यावी लागणार. तुमच्याशिवाय कोण ओळखणार?"

दुसऱ्या दिवसापासून ती बसली. एकेक आकडा उघडायचा. खिडकी, पडद्याची कड, धाकटीचे सुरकुतलेले, स्वच्छ नखांचे हात वर यायचे, काहीतरी म्हणायचे, खाली जायचे. बहुतेक खुणा तिला लगेच कळायच्या आणि ती नाव टाइप करायची. पण कधी कधी हात वर यायचे आणि खाली जायचे आणि तिच्या मनात काहीच उमटायचं नाही. खरं तर खूण अशी एकटी कधी आलीच नव्हती. खुणेमागे दिवस असायचा, ताट असायचं, कुणीतरी नुकतंच दारातून गेलेलं असायचं. आता नुसते हात होते, आकडा घातलेले. अशा वेळी ती आत जायची, धाकटीसमोर ती खूण करायची आणि भुवया उंचावून विचारायची, हे काय? धाकटी तिच्याकडे बघायची आणि तीच खूण करायची, जरा सावकाश. हेच की, दुसरं काय. ज्याचा अर्थ विचारायचा तेच उत्तर म्हणून परत यायचं, कारण त्या भाषेत आणखी तिसरं कुणी नव्हतं की जे सांगेल. धाकटीला तो खेळ वाटायचा. ती हसायची आणि सोललेल्या शेंगांतले दाणे थोरलीच्या तळव्यावर ठेवायची. थोरली परत येऊन बसायची आणि तो आकडा तसाच ठेवून पुढे जायची. नवरा मागून डोकवायचा. "ही तर पाणी मागतेय, सरळ दिसतंय." "नाही." "मग काय म्हणतेय?" "सांगून तुम्हाला कळणार आहे?" थोड्या वेळाने तो म्हणायचा, "मी मदतच करतोय."

साठ-सत्तर नावं झाली असतील, तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. कुणीतरी आयत्या वेळी नको म्हणालं होतं, खाट रिकामी होती, उद्याच या. बॅग भरताना ती म्हणाली, "उरलेल्यांना हात लावू नका. परत आले की मी करीन." "आणि नाही आलीस तर?" नवरा म्हणाला. त्यात दुष्टावा नव्हता. लिफ्टचा दोर तुटला तर, हा प्रश्न तो जन्मभर तसाच, पेन उघडून धरून विचारत आला होता. पण तिच्या हातातला टॉवेल घडी घालायचा राहिला. निघताना तिने धाकटीला सांगितलं: मी जाते, छाती, परत येते, तोवर तू दुसऱ्या घरी. धाकटीने ऐकून घेतलं आणि भुवई खाजवली, एकदा. मग हात तसाच भुवईशी ठेवून थोरलीकडे बघत राहिली, की दुसऱ्यांदा खाजवू का. थोरलीने तिचा हात धरून खाली घेतला.

शुद्ध आली तेव्हा घशात नळी होती आणि उजेड फार पांढरा होता. नवरा शेजारी उभा होता, तोंडाला कापड बांधून. डोळे तेवढे दिसत होते, आणि ते खूश होते. "सगळं छान झालं," तो म्हणाला, नेहमीपेक्षा चढ्या आवाजात. "आणि हे बघ, तुझं कामही करून टाकलं." त्याने फोन तिच्यासमोर धरला. एक तक्ता होता. बारा चौकोन, प्रत्येकात धाकटीचे हात, खाली ठळक अक्षरात पाणी, जेवण, झोप, संडास, दुखतंय, थंडी. "चारशे खुणा कोण लक्षात ठेवणार, मला सांग. नीट बघितलं तर निम्म्या सारख्याच आहेत. मी सगळ्यांचे, तू नावं दिलेल्यांचेही, गट पाडले, सारख्या होत्या त्या काढून टाकल्या, प्रत्येकातली एक चांगली ठेवली. संस्थेच्या बाई तर म्हणाल्या, हे असं हवं होतं आम्हाला. प्लॅस्टिकमध्ये घालून तिच्या खाटेवर लावलाय." पहिल्या चौकोनात धाकटीने वाकवलेला अंगठा ओठांना टेकवला होता. आई कामावरून यायची तेव्हा उंबऱ्यावरच बसायची आणि अंगठ्याचं पेर ओठांना दाबून, डोळे मिटून, थोडा वेळ तशीच राहायची. त्या वेळी तिला कुणी हाक मारायची नाही. ती खूण म्हणजे, थकलीस का? एक्स्चेंजमधून थोरली घरी आली की दारात धाकटी पहिल्यांदा हेच विचारायची. खाली लिहिलं होतं, पाणी. थोरलीला ओरडायचं होतं, पण नळी होती. तिचा हात चादरीखालून सुईसकट वर आला. काढून टाकल्या त्या कुठे आहेत, तिने विचारलं, बोटं झटकून, तळवा उलटा करून. धाकटीला एका क्षणात कळलं असतं. नवऱ्याने तिचा हात बघितला, मग फोनमधल्या तक्त्यावर बोट फिरवलं, आणि त्याचे डोळे उजळले. "पाणी?" तो मोठ्याने म्हणाला. "आत्ता नाही मिळणार गं. डॉक्टर नको म्हणालेत." तिने पुन्हा हात हलवला. "नर्स," त्याने हाक मारली, "ती फार अस्वस्थ होतेय." नर्स आली, नळीला जोडलेल्या बाटलीत तिने काहीतरी टोचलं, आणि तो पांढरा उजेड कडांकडून मऊ होत गेला.

घरी आल्यावर ती त्याला एकदाच बोलली. "पुसलेल्या परत येतील का, पुतणीला विचारा." त्याने विचारलं. नवी डिस्क होती, वर त्याने पुतण्याच्या मुंजीचं चित्रीकरण उतरवून ठेवलं होतं, पुष्कळ जागा भरली होती, नाही येणार. "माझं चुकलं असेल," तो म्हणाला, "पण ती तिथे शांत आहे. एकदाही रडली नाही. एकदाही औषध द्यावं लागलं नाही. चारशे असत्या तर हे झालं असतं का?" त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हेच तर होतं. वर जात होतं, खाली येत होतं, दार लागत होतं.

डॉक्टरांनी जिने चढायला परवानगी दिली त्या आठवड्यात ती संस्थेत गेली. लांब खोली, धुतलेल्या फरशीचा वास, एका रांगेत खाटा. धाकटीच्या अंगावर कुणाचीतरी राखाडी शाल होती आणि केस वेगळ्याच बाजूला भांग पाडून बसवले होते. डोक्याशी भिंतीवर तो तक्ता. थोरलीला बघून धाकटी उठली नाही. मावशीकडे बघितलं, मग उठली. "गुणाची आहे तुमची बहीण," मावशी म्हणाली. जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई होती, तिला तुसडेपणा माहीत नसावा. "पहिले दोन दिवस जरा हातवारे फार करायची, आम्हाला कळायचं नाही. मग तक्ता लावला. आता कसं, मोजकं बोलते. बघा हं." तिने धाकटीच्या खांद्याला हात लावला आणि भुवया उडवल्या. धाकटीने वाकवलेला अंगठा ओठांना लावला. मावशीने लगेच पेला भरून आणला. धाकटीने पेल्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि सगळं पाणी प्यायली; तहान नसताना औषध प्यावं तसं, एका दमात. पेला परत दिला. "दिवसातून पाच-सहा वेळा मागते," मावशी म्हणाली. "या उकाड्यात बरंच आहे म्हणा." मावशी वळून दुसऱ्या खाटेकडे गेली तरी धाकटी तिच्या पाठीकडे बघत होती. दिवसभर उभी असलेली बाई, पोटऱ्या सुजलेल्या. पाच-सहा वेळा धाकटीने तिला विचारलं होतं, थकलीस का, आणि पाच-सहा वेळा पाणी प्यायली होती.

मग दोघीच उरल्या. थोरली खाटेच्या कडेवर बसली. धाकटीने तिच्या ब्लाउजच्या गळ्यातून वर आलेलं शिवणीचं टोक बघितलं, बोट तिथवर नेलं आणि न लावता मागे घेतलं. थोरलीने हातांनी सांगायला सुरुवात केली, की घरी चल, पुढच्या महिन्यात, मला थोडी ताकद येऊ दे. खुणा तिच्या बोटांना जड वाटल्या. दोन तर आठवायला वेळ लागला. धाकटी लक्ष देऊन बघत होती, पण जुनं गाणं ऐकावं तसं, शब्दांकडे नव्हे. सांगून संपलं. खिडकीतून येणारं ऊन दोघींच्या मध्ये चादरीवर पडलं होतं. धाकटीने थोरलीचा चेहरा नीट न्याहाळला, डोळ्यांखालचं काळं, उतरलेले गाल, आणि अंगठा वाकवून ओठांना टेकवला.

थोरलीचा हात उत्तर द्यायला उचलला गेला आणि मध्येच थांबला. ही विचारतेय, की मागतेय? सगळ्या जन्मात तिला हा प्रश्न पडला नव्हता. पेला शेजारच्या टेबलावर होता, त्यात दोन घोट उरले होते. आपलं कुठलं उत्तर चुकेल, हे कळेना. ती एक क्षणच थांबली असेल, पण त्या क्षणात तिची नजर धाकटीच्या हातांवरून उठली आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली.

धाकटीने ते बघितलं. अंगठा ओठांवरून काढला, आणि दोन्ही हात शालीच्या आत घेतले.